यशाची पुस्तके आणि आपले डोके

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही विद्वान माणूस नाही. आठवी झाली, १९८७ साली गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो, आणि पुढचे शिक्षण पाळी सुटल्यावर वाचनालयाच्या बाकावर झाले. संयोजकांनी मला विषय दिला तो असा की, यश मिळवून देणारी, व्यक्तिमत्त्व घडवणारी म्हणून जी पुस्तके विकली जातात ती आपल्या मुलांनी वाचावीत का? त्यांनी माणूस शहाणा होतो, की त्याचे स्वतःचे डोके चालणे बंद पडते? विषय महत्त्वाचा आहे. कारण आज आपल्या वस्तीतल्या कोणत्याही घरात जा, फळीवर बाबासाहेबांच्या खंडांशेजारी डेल कार्नेगी, नेपोलियन हिल, शिव खेरा यांच्यापैकी कोणीतरी बसलेला दिसतोच.

आपले काही कार्यकर्ते या पुस्तकांना सरसकट भांडवलदारांचा माल म्हणून बाजूला सारतात. मला ते पटत नाही. ज्या पोराच्या बापाने जन्मात कधी मुलाखत दिली नाही, त्याला मुलाखतीत कसे बसावे, कसे बोलावे हे सांगणार कोण? मोठ्या घरातल्या मुलाला हे जेवता जेवता फुकटात ऐकायला मिळते. आपल्या मुलाला ते फुटपाथवरून विकत आणावे लागते. वेळेवर उठावे, खर्च लिहून ठेवावा, दारूपासून लांब राहावे, चारचौघांत बोलायला घाबरू नये, यात वाईट काय आहे? कार्नेगीचे १९३६ सालचे पुस्तक सांगते की समोरच्याचे नाव ध्यानात ठेवा, त्याचे बोलणे मन लावून ऐका. युनियनचे काम करणाऱ्यालासुद्धा ही गोष्ट उपयोगी आहे. आमच्यातल्या किती पुढाऱ्यांना ती जमत नाही, हे आपण सगळे जाणतोच!

पण मित्रांनो, या पुस्तकांचा जन्म कुठे झाला हे फार थोड्यांना ठाऊक असते. इंग्रजीत या जातीच्या पुस्तकांना जे नाव पडले, ‘सेल्फ-हेल्प’, ते सॅम्युअल स्माइल्स यांच्या १८५९ सालच्या पुस्तकाचे नाव. स्माइल्स स्कॉटलंडचे. शिकले डॉक्टरकी, मग लीड्स शहरात वर्तमानपत्राचे संपादक झाले. लीड्स म्हणजे लोकरीच्या कापडाचे, गिरण्यांचे शहर. तिथे दोन-तीन कष्टकरी तरुण संध्याकाळी एकत्र जमू लागले. ज्याला थोडे जास्त येई त्याने कमी येणाऱ्याला शिकवायचे. वाचणे, लिहिणे, हिशेब, भूगोल. संख्या वाढली, खोली पुरेना, तेव्हा बागेत बसले. हिवाळा आला तशी जागा शोधू लागले. कॉलऱ्याच्या साथीत तात्पुरते इस्पितळ केलेली एक खोली रिकामी पडली होती. भीतीने ती कोणी भाड्याने घेत नव्हते. ती यांनी घेतली, दिवे लावले, बाकडी टाकली आणि वर्ग चालू केला. मग त्यांनी स्माइल्सना बोलावले, आमच्याशी जरा बोला म्हणून. त्या बोलण्यातून पुढे ते पुस्तक झाले. हे सगळे खुद्द स्माइल्सनीच प्रस्तावनेत सांगितले आहे.

आता यातली गंमत पाहा. पुस्तकाचे नाव ‘आपली मदत आपणच करा’, आणि ते जन्मले कुठे, तर एकमेकांना मदत करणाऱ्या कामगारांच्या खोलीत! हेच स्माइल्स १८४० मध्ये मताधिकार वाढवण्यासाठी झटणाऱ्या लीड्सच्या संस्थेचे चिटणीस होते. पण पुस्तकात उरला तो एकेकटा माणूस, त्याची चिकाटी, त्याची काटकसर. कॉलऱ्याची खोली प्रस्तावनेत राहिली. पुस्तक घरोघर गेले, पार जपानपर्यंत गेले, १८७१ साली तिकडे त्याचे भाषांतर निघाले. १८६६ च्या आवृत्तीत स्माइल्सना खुलासा करावा लागला, की हे स्वार्थाचे गुणगान नाही, नुसत्या नावावरून लोकांचा तसा समज होतो. मला वाटते, बिघाड तिथूनच सुरू झाला. उपदेश राहिला आणि उपदेश जिथे तपासला जायचा ते बाकडे गेले.

एकट्याला केलेल्या उपदेशाचा मालकांना कसा उपयोग होतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. १९९८ साली अमेरिकेत स्पेन्सर जॉन्सन यांचे एक छोटे पुस्तक निघाले. चक्रव्यूहात दोन उंदीर आणि दोन चिमुकली माणसे राहतात. रोजच्या जागेवरचे चीज एक दिवस नाहीसे होते. उंदीर लगेच दुसरीकडे शोधायला पळतात, माणसे रडत बसतात. तात्पर्य काय, तर बदल झाला की कुरकुर न करता नवे चीज शोधा. तिकडे कंपन्यांनी या पुस्तकाच्या गठ्ठ्यांनी प्रती घेऊन नोकरांना वाटल्या, कामगारकपात होत होती तिथेही वाटल्या.

आमची गिरणी २००३ साली बंद झाली. त्याच्या आधी स्वेच्छानिवृत्तीचे फॉर्म वाटले तेव्हा टाय घातलेले एक गृहस्थ कँटीनमध्ये आम्हाला हीच गोष्ट सांगायला आले होते. चीज म्हणजे काय हेच आमच्यातल्या निम्म्यांना माहीत नव्हते, तेव्हा त्यांनी चीजच्या जागी भाकरी घातली. गोष्ट संपल्यावर साचेखात्यातले एक जुने मामा उभे राहिले आणि म्हणाले, “साहेब, गोष्ट चांगली हाय. पण भाकरी हलवली कुणी, ते नाय सांगितलं.” सगळे हसले. गृहस्थ म्हणाले, “मामा, हा नकारात्मक विचार झाला.”

मामांचा प्रश्न साधा होता, आणि पुस्तकाच्या नावातसुद्धा तोच आहे. ‘माझे चीज कोणी हलवले?’ नाव प्रश्नाचे, आत उत्तर नाही. आता मुंबईच्या गिरण्यांपुरते उत्तर शोधायला गेलो तर ते कागदोपत्री सापडते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. त्यात गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळ मानाने एक हिस्सा महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला, अशी वाटणी होती. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची करायची, ज्यावर शेड उभ्या आहेत ती जमीन सोडून. गिरणीत रिकामी जमीन असते किती? लोक हायकोर्टात गेले, जिंकले, आणि मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. ही माहिती कोणत्याही यशाच्या पुस्तकात नाही. पहाटे पाच वाजता उठणारा माणूसही या नियमापुढे आठ वाजता उठणाऱ्याच्याच रांगेत होता.

याचा अर्थ हातपाय गाळून बसा असा नाही. गिरणी सुटल्यावर कोणी टॅक्सी शिकला, कोणी वडापावची गाडी लावली, आमच्या बायकांनी तर डबे करून घरे चालवली. त्यांना हिंमत कोणी शिकवली नव्हती. पण हिंमत हवी म्हणजे प्रश्न विचारायचा नाही, ही अट कोणी घातली?

आता तरुणांसाठी मुद्दाम बोलतो. २००६ साली रॉन्डा बर्न यांचे ‘द सिक्रेट’ आले. मनात जे धरून बसाल ते जग तुमच्याकडे ओढून आणते, असे त्याचे म्हणणे. आमच्या शेजारची एक मुलगी चार वर्षे स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती. हुशार, कष्टाळू. चौथ्यांदा यादीत नाव नाही आले. मी सांत्वन करायला गेलो तर म्हणते, “काका, माझ्या मनातच कुठेतरी शंका होती, म्हणून झालं नाही.” जागा मोजक्या, अर्ज लाखांनी, जाहिरात वर्ष वर्ष लांबणार, आणि पोरगी दोष शोधते आहे स्वतःच्या मनात! मला त्या दिवशी जेवण गेले नाही. आपल्या वाडवडिलांना सांगितले होते की तुमची गरिबी मागच्या जन्माच्या पापाची. बाबासाहेबांनी तो हिशेब फाडला. मग तोच हिशेब नव्या कव्हरात, ‘तुझ्या विचारांचे फळ’ म्हणून घरात घ्यायचा?

बार्बरा एरेनरीक या अमेरिकन लेखिकेला कर्करोग झाला, तेव्हा त्यांनाही जो तो सांगू लागला की आनंदी राहा, सकारात्मक राहा. त्या शास्त्र शिकलेल्या होत्या. त्यांना राग आला, आणि २००९ साली त्यांनी या सक्तीच्या आनंदावरच पुस्तक लिहिले. मिळाले तर वाचा.

मग वाचायचे कसे? याचे उदाहरण आपल्या घरातच आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या आरंभीच बाबासाहेब विचारतात, सिद्धार्थाने घर का सोडले? म्हातारा, आजारी आणि मृत माणूस पाहून, हे परंपरेचे उत्तर त्यांना पटत नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर यांतले काहीच पाहिले नसेल कसे? बुद्धावर एवढी निष्ठा, आणि बुद्धाच्या चरित्राला एवढा सरळ प्रश्न! मग फुटपाथवरच्या पुस्तकापुढे आपण मान का तुकवावी?

भन्तेजींनी सकाळी कालामांचा उल्लेख केला. केसपुत्त गावच्या त्या लोकांकडे एकामागून एक आचार्य येत, आपले थोर, दुसऱ्याचे खोटे म्हणून सांगत. आजच्या व्याख्यात्यांसारखेच, फक्त तिकीट नव्हते. बुद्धांनी त्यांना सांगितले, तुमची शंका रास्त आहे. ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका. आणि मग त्यांनाच विचारले, लोभाने माणसाचे हित होते की अहित? द्वेषाने? मोहाने? उत्तरे कालामांनी दिली. माझे लक्ष आणखी एका गोष्टीकडे जाते. तिथे विचारायला गावचे लोक मिळून आले होते. स्वतंत्र विचार म्हणजे कोपऱ्यात एकट्याने बसून केलेला विचार, अशी आपली समजूत असते. मला तर माझा विचार चुकतो कुठे हे बहुतेक वेळा दुसऱ्याने टोकल्यावरच कळले आहे.

म्हणून विहाराच्या समितीपुढे माझी एक मागणी आहे, आणि सचिवांनी ती मान्य केली आहे असे मला आत्ताच चिठ्ठीने कळले. दर रविवारी संध्याकाळी सहा ते आठ, इथेच, याच हॉलमध्ये. ज्याच्या घरी यशाचे जे पुस्तक असेल ते त्याने आणायचे. एकाने एक प्रकरण वाचायचे, बाकीच्यांनी विचारायचे. हे कोणासाठी लिहिले आहे? यात बाई आहे का? यात ज्याला पगार दिला जातो तो बोलतो का, की फक्त देणारा बोलतो? जे कामाचे निघेल ते वहीत उतरवून घ्यायचे. पहिल्या रविवारी मी ते उंदरांचे पुस्तक आणतो. शेजारच्या त्या मुलीला मी बोलावले आहे, ती येते म्हणाली. पेन्सिली विहाराकडून मिळतील, बसायला सतरंजी मात्र दोनच आहेत, तेव्हा जमल्यास घरून काहीतरी घेऊन या.

जयभीम.