तोरण लेकरांच्या हातचं

आम्ही वेरूळच्या बचत गटातल्या बाया. दसरा-दिवाळी आली की बाजारातलं प्लॅस्टिकचं तोरण स्वस्त वाटतं. पण सण सरला की ते उकिरड्यावर जातं, अन् तिथून गाईच्या पोटात. थर्माकोलच्या सजावटीला तर राज्यात २०१८ पासून बंदीच आहे.

त्यापेक्षा लेकरांना घेऊन बसा. आंब्याची पाच पानं, मग एक झेंडू, असं मोजत ओवू द्या. मोजणीही पक्की होते. लहानग्यांच्या हाती सुई नको. भोकं आपण पाडायची, दोरा त्यांनी ओवायचा. मधे बाजरीची कणसं बांधा, चिमण्या येतील. झेंडू गावातल्याच शेतकरणीकडून घ्या, पैसा गावात राहील. सुकलेली फुलं ठेवा अन् पावसाळ्यात लेकरांनाच बी पेरू द्या. पुढच्या दसऱ्याला फुलं अंगणातच मिळतील.