दर रविवारी एक कँटाटा



योहान सेबास्टिअन बाख १७२३ साली लाइपझिगच्या सेंट थॉमस शाळेत कँटर, म्हणजे संगीतशिक्षक, म्हणून रुजू झाला. पहिली काही वर्षे जवळजवळ दर रविवारी त्याची नवी कँटाटा, वीसेक मिनिटांची गायनवादनाची रचना, चर्चमध्ये सादर होई. गाणारी मुले शाळेतलीच. त्याच्या अशा सुमारे २०० रचना आज उपलब्ध आहेत.

बरोक संगीत ऐकू इच्छिणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच, की संच एका बैठकीत संपवू नका. रविवारी एकच कँटाटा, पण दोनदा ऐका. हार्नोनकोर्ट आणि लिओनहार्ट यांनी १९७० च्या दशकात सुरू केलेल्या संचात वरचे स्वर बहुधा मुलगेच गातात. ते कधी डळमळतात. मला तरी तेच प्रिय. ज्यांना सफाई हवी, त्यांनी मासाआकी सुझुकी यांचा जपानमध्ये १९९५ ते २०१३ या काळात मुद्रित झालेला संच घ्यावा.

आरंभ १४० क्रमांकाच्या कँटाटाने करावा. एकाच सुरावटीला सरावलेला आपला कान तिच्या चौथ्या भागात प्रथम गोंधळेल. तंतुवाद्यांची चाल वेगळी, टेनर गायकांची वेगळी, आणि दोन्ही एकाच वेळी! पहिल्यांदा वाद्ये धरा, दुसऱ्यांदा गायन. तिसऱ्या रविवारपर्यंत दोन्ही एकत्र ऐकू येऊ लागतील.