अवकाशात पंखा चालत नाही

मे महिन्यात गाडीच्या हँडलला मोबाइल लावून, मॅप चालू ठेवून नाशिकहून मालेगावला गेला असाल, तर फोन गरम झाल्याची ती सूचना नक्की पाहिली असेल. आपण झाडाखाली थांबतो, जरा वारा लागतो, फोन पुन्हा चालू. आज बोलूया अशा इलेक्ट्रॉनिक्सबद्दल, ज्याला थांबायला झाडच नाही.

अवकाशात हवा नाही, म्हणजे पंखा असून उपयोग शून्य. चिपमधली उष्णता धातूतून यानाच्या सांगाड्यापर्यंत न्यायची आणि तिथून किरणांच्या रूपात बाहेर टाकायची. बस, एवढाच रस्ता.

आता मार्जिन. समजा, मॉडेल म्हणतं की हा बोर्ड फार तर 45 अंशांपर्यंत तापेल. पण मॉडेल म्हणजे शेवटी अंदाज. रंगाचा थर किती ऊन शोषेल, स्क्रू किती घट्ट बसलाय, यानेही फरक पडतो. म्हणून अमेरिकेच्या लष्करी मानकात, हीटर वगैरे नसलेल्या साध्या रचनेला या अंदाजावर 11 अंश चढवतात. झाले 56. पात्रता चाचणीत आणखी 10. झाले 66! दुकानातली साधी चिप 0 ते 70 अंशांची असते आणि ती बोर्डापेक्षा गरमच असते. म्हणजे बहुतेक ती इथेच बाद. थंडीच्या बाजूलाही हाच हिशोब, उलटा.

आपल्या पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा 'स्वयम्' आठवतोय? 22 जून 2016 ला पीएसएलव्ही-सी34 मधून गेला. दहा सेंटिमीटरचा ठोकळा, वजन किलोभरसुद्धा नाही. दिशा धरायला आत चुंबक. पण चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राकडे बघतो, सूर्याकडे नाही. कुठली बाजू कधी उन्हात येईल हे आपल्या हातात नाही, म्हणून प्रत्येक बाजूचा वाईटात वाईट हिशोब धरावा लागतो.

आणि अंदाजच चुकला तर? चांद्रयान-1. ऑक्टोबर 2008 ला निघालं, नोव्हेंबरमध्ये चंद्रापासून 100 किलोमीटरवर पोचलं आणि महिना संपायच्या आत आतलं तापमान 50 अंशांच्या आसपास गेलं. त्या उंचीवर साधारण 75 अंश धरले होते, प्रत्यक्षात जास्त निघाले, असं इस्रो उपग्रह केंद्राचे संचालक टी. के. अ‍ॅलेक्स यांनी नंतर सांगितलं. दुपारी चंद्राची जमीनच 120 अंशांच्या घरात असते. खालून भट्टी, वरून सूर्य!

मग यान थोडं वळवलं, उपकरणं एका वेळी एकच चालू ठेवली. मे 2009 मध्ये कक्षा 200 किलोमीटरवर नेली. मी गणित करून पाहिलं: तेवढ्याने चंद्राकडे तोंड असलेल्या बाजूवर येणारी उष्णता साधारण दहा टक्केच कमी होते. एवढ्यासाठी इंधन जाळायचं, यावरून मार्जिन किती संपलं होतं ते कळतं. तोवर दिशा दाखवणारे स्टार सेन्सरही गेले होते. 29 ऑगस्टला संपर्क तुटला. दोन वर्षांचं यान 312 दिवस टिकलं. तरी चंद्रावरच्या पाण्याचा पुरावा त्याच यानाने दिला, म्हणून मी त्याला अपयश म्हणत नाही.

2019 ला चांद्रयान-2 चा ऑर्बिटर पुन्हा त्याच 100 किलोमीटरवर गेला. ठरवलं होतं एक वर्ष. तो त्यानंतरही वर्षानुवर्षं काम करत राहिला.