औषधाची मागणी काय सांगते

१९८१ साली अटलांटाच्या रोगनियंत्रण केंद्रात सँड्रा फोर्ड औषधांच्या मागण्या हाताळत असत. पेंटामिडीन हे जुने परजीवीनाशक अमेरिकेत तेव्हा तिथूनच मिळे. आफ्रिकेतल्या निद्रारोगावरचे हे औषध आपल्याकडे काळा आजारावरही वापरले गेले. अमेरिकेत ते लागे न्यूमोसिस्टिसच्या न्यूमोनियासाठी, आणि तो व्हायचा कर्करोगाच्या किंवा प्रत्यारोपणाच्या रुग्णांना, ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच खचलेली असे. त्या वर्षी मात्र तरुण पुरुषांसाठी मागण्या येऊ लागल्या, आणि त्यांची प्रतिकारशक्ती कशाने खचली हे डॉक्टरांनाच ठाऊक नव्हते. फोर्ड यांनी ते वरिष्ठांना कळवले. ५ जूनला लॉस एंजेलिसच्या पाच रुग्णांचा अहवाल छापून आला. पुढे त्याच आजाराला एड्स म्हणू लागले. 

कोणी म्हणेल, तो अहवाल तर डॉक्टरांनी लिहिला. फोर्ड नसत्या तरी तो आलाच असता. खरे आहे. पण डॉक्टरला आपल्या दवाखान्यातले रुग्ण दिसतात. न्यूयॉर्कमध्येही तेच चालले आहे, हे मागणीच्या नोंदींत दिसत होते. जिथे अशी नोंद कोणी पाहत नाही, तिथे रोग मुद्दाम शोधावा लागतो. १९८६ मध्ये मद्रासला डॉ. सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे, आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी रक्ताचे नमुने गोळा करून एड्सचा विषाणू, म्हणजे एचआयव्ही, भारतात शोधला. तोवर विषाणू येऊन बसलेला होता.

आपल्या वसमतच्या औषध दुकानातही अशी नोंदवही असते. २०१४ पासून एच-वन यादीतल्या औषधांची, ज्यांत काही प्रतिजैविके आणि क्षयाची औषधे येतात, वेगळी नोंद ठेवणे आणि ती तीन वर्षे जपणे दुकानदारावर बंधनकारक आहे. माझे म्हणणे एवढेच, की ही वही तपासणीपुरती उघडू नये. तिची महिन्याची बेरीज तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी पाहावी. गुप्ततेची शंका रास्त आहे. एचआयव्हीचे नाव निघाले की घरे तुटतात, हे मी हलके मानत नाही. पण बेरजेला नाव लागत नाही, गाव आणि आकडा पुरतो. दुकानदाराचे काम वाढेल, हेही खरे. तरी क्षयाचे औषध विकल्याची माहिती कळवणे २०१८ पासून त्याच्यावर बंधनकारक आहेच; आणि भारतात एचआयव्हीच्या रुग्णाला सर्वांत जास्त गाठतो तो क्षयच.