निवडणे हे आपलेच काम
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे माहेर सांगलीचे आणि सासर साताऱ्याचे. दोन्ही गावांचे पाणी मी प्यायले आहे, तेव्हा दोन्ही गावांच्या कारभाराची मला सारखीच काळजी वाटते. म्हणूनच आज पाककृती किंवा भरतकाम हा विषय न घेता, नगरपालिकेच्या निवडणुकीत मत कोणाला द्यावे, हा विषय मी घेतला आहे.

कोणी म्हणेल, बाई, निवडणुका तर होऊन गेल्या! २ डिसेंबर २०२५ रोजी आपल्याकडील बहुतेक नगरपालिकांचे मतदान झाले. १५ जानेवारी २०२६ रोजी सांगली, मिरज आणि कुपवाड महानगरपालिकेचे झाले. गुलाल धुतला गेला, फलक उतरले. आता हे वरातीमागून घोडे कशाला? माझे उत्तर असे की, पुढच्या खेपेस मत कोणाला द्यावे हे ठरवण्याचा काळ आजच सुरू झाला आहे. आपण तांदूळ केव्हा निवडतो? पंगत पानावर बसल्यावर नव्हे. दुपारी उजेडात, निवांतपणी, सूप घेऊन बसतो आणि एकेक खडा वेचतो. मग पाच वर्षांचा कारभार ज्यांच्या हाती द्यायचा, ती माणसे मात्र प्रचाराच्या शेवटच्या रात्री घाईघाईने का निवडावी?

या मताची किंमत काय असते, हे आपण नुकतेच अनुभवले आहे. सातारा नगरपालिकेच्या सभासदांची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली आणि सांगली महानगरपालिकेची ऑगस्ट २०२३ मध्ये. निवडणुका लांबल्या. साताऱ्यात सुमारे चार वर्षे आणि सांगलीत जवळजवळ अडीच वर्षे प्रशासकांनी कारभार पाहिला. मला अधिकाऱ्यांना नावे ठेवायची नाहीत. पण अधिकारी बदलून जातो, आपल्या बोळाशी त्याची ओळख नसते आणि मते मागण्यासाठी त्याला आपल्या दारी पुन्हा यायचे नसते. गटार तुंबले तर सांगायचे कोणाला, हा प्रश्न त्या काळात कितीजणींना पडला ते आपणच आठवून पाहा. जी वस्तू काही काळ हातून गेली होती, ती परत मिळाल्यावर जपून वापरावी, हा तर आपल्या संसाराचा साधा नियम आहे.

निवडायचे म्हणजे प्रथम काम कोणते ते ठाऊक पाहिजे. स्वयंपाकीण ठेवताना आपण तिला शिवणकामाची परीक्षा घालीत नाही. नगरपालिकेचे काम म्हणजे नळाचे पाणी, गटारे, रस्ते, दिवे, झाडलोट, मंडई, दहनभूमी, जन्ममृत्यूची नोंद, बांधकामाचे परवाने आणि या सर्वांसाठी घरपट्टी, पाणीपट्टी बसवून वर्षाचा अर्थसंकल्प मंजूर करणे. शिधापत्रिका तिच्या हातात नाही, ती तहसील कचेरीत मिळते. घरातली वीज महावितरणची. उसाचा दर तर नगरसेवकाच्या हातात मुळीच नाही. तेव्हा जो उमेदवार दिल्ली-मुंबईच्या मोठमोठ्या गोष्टी बोलतो आणि आपल्या गल्लीतल्या नळाविषयी अवाक्षर काढीत नाही, तो गायन चांगले करील, पण स्वयंपाक करील याची खात्री काय?

ही कामे क्षुल्लक आहेत असेही कोणी समजू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर चढले. तेथे धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. पाऊस आणि धरणांचे पाणी नगरसेवकाच्या ताब्यात नसते, हे खरे. पण नाले मोकळे ठेवणे, ओढ्यात भराव होऊ न देणे, पूर ओसरल्यावर चिखल उपसणे आणि पिण्याचे पाणी लवकर सुरू करणे ही कामे शहराचीच. साताऱ्याचे पाहा. कास तलावाचे आणि शहापूर योजनेचे पाणी शहराला मिळते. २०२० मध्ये शहराची हद्द वाढली, शाहूपुरी, विलासपूरसारखा भाग आत आला. नव्या घरांना पाणी पुरवायचे कसे आणि जुन्या पेठांचे कमी होऊ द्यायचे नाही ते कसे, हे सभागृहातच ठरते. तिथे हात वर करणारी माणसे आपणच पाठवतो.

आता माणूस पारखावा कसा? पहिली गोष्ट, सगळी मते एकदम एकाच गठ्ठ्यात टाकू नयेत. नगरपालिकेच्या मतदानात आपल्याला नगराध्यक्षासाठी एक आणि प्रभागाच्या जागांसाठी वेगळी मते असतात. बहुतेक प्रभागांत दोन जागा, म्हणून एकूण तीन मते. महानगरपालिकेत बहुधा चार. प्रत्येक जागेचा विचार स्वतंत्र करण्याची मुभा कायद्याने दिली आहे. एकाच पॅनेलचे सर्व उमेदवार उत्तम असतील तर सर्वांना मते द्यावी. पण जुडीतली दोन पाने सडकी दिसली तरी जुडी तशीच फोडणीला टाकणारी गृहिणी मी तरी पाहिलेली नाही. कोणीच पसंत नसेल तर 'वरीलपैकी कोणीही नाही' हेही बटण आहे.

दुसरी गोष्ट, उमेदवाराने अर्जाबरोबर शपथपत्र द्यावे लागते. त्यात शिक्षण, मालमत्ता, देणी आणि गुन्ह्यांची माहिती असते. ते वाचण्याचा आपल्याला हक्क आहे. मुलीसाठी स्थळ पाहताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो. शहर सोपवताना निदान एक कागद तरी वाचावा.

तिसरी गोष्ट, पूर्वी निवडून आलेला उमेदवार असेल तर मागच्या मुदतीत त्याने काय केले ते पाहावे आणि नवा असेल तर निवडणूक नसताना तो कोठे होता ते पाहावे. शितावरून भाताची परीक्षा होते. तो आपल्या जातीचा आहे का, भावकीतला आहे का, लग्नाकार्याला येतो का, हे प्रश्न त्यानंतरचे. नात्याचा मान आहेर देऊन राखावा, मत देऊन नव्हे.

आता एका नाजूक गोष्टीकडे वळते. या खेपेस सांगलीचे मतदान संक्रांतीच्या दुसऱ्याच दिवशी आले. हळदीकुंकू हा आपला सण. सवाष्णीने सवाष्णीला वाण द्यावे, यात प्रेम आहे. पण निवडणुकीच्या तोंडावर कोणी साड्या, भांडी, पाकिटे वाटू लागला तर त्याला वाण म्हणू नये. वाणाची परतफेड मतपेटीत मागत नसतात. शिवाय मतासाठी लाच देणाऱ्याइतकाच घेणाराही कायद्याने दोषी ठरतो, हे आपल्यापैकी पुष्कळजणींना माहीत नसेल. कोठे भंडाऱ्यावर, कोठे नारळावर हात ठेवून शब्द घेतला जातो, असे आपण ऐकतो. आपण देवभोळ्या आहोत हे ओळखूनच हा डाव टाकलेला असतो. मतदान गुप्त आहे. ते गुप्त ठेवले आहे ते याचसाठी, की घरातल्या वा दारातल्या कोणाच्याही धाकावाचून आपण मत द्यावे. देवाला साक्षी ठेवायचेच असेल तर खरे मत देण्यासाठी ठेवावे.

भगिनींनो, आता आपल्याविषयी. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून नगरपालिकांत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या आणि २०११ पासून महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या. ही मोठी गोष्ट घडली. पण प्रचाराला कोण येते? पुष्कळदा बाई हात जोडून मागे उभी आणि यजमान पुढे बोलतात. निवडून आल्यावरही फोन यजमानच घेतात. अशा वेळी आपण यजमानांना आदराने चहा द्यावा आणि प्रश्न मात्र ताईंनाच विचारावा. "ताई, आमच्या पाण्याचे तुम्ही काय करणार?" उत्तर अडखळत आले तरी चालेल. पहिल्यांदा घराबाहेर पडलेली बाई अडखळणारच, आपणही अडखळलो होतो. ती नवखी आहे म्हणून हसू नये. ती स्वतः बोलू इच्छिते की नाही, स्वतः शिकू इच्छिते की नाही, एवढेच पाहावे. अडखळत बोलणारी कामाला लागेल. पण जिला बोलूच दिले जात नाही, तिला मत देऊन ती जागा आपण पुन्हा पुरुषांच्याच हाती देतो.

कोणी म्हणेल, एका लहानशा जागेने असे काय होणार? आपल्याच मुलखाचा इतिहास पाहा. कराडचे यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या, त्या गावोगावच्या माणसांना कारभार शिकता यावा म्हणून. तासगाव तालुक्यातील आर. आर. पाटील १९७९ मध्ये सांगली जिल्हा परिषदेवर निवडून आले आणि पुढे ग्रामविकासमंत्री म्हणून त्यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान राज्यभर नेले. मोठी माणसे लहान जागांवरच घडतात आणि बिघडणारी माणसेही तिथेच बिघडतात. ते पाहणारे डोळे मात्र आपले पाहिजेत.

म्हणून मंडळापुढे एक साधी सूचना ठेवते. आपण भिशीची वही ठेवतो, तशी प्रभागाची एक वही ठेवू या. कोणते काम कोणी सांगितले, केव्हा सांगितले, केव्हा झाले, एवढेच त्यात लिहावे. वर्षातून दोनदा आपल्या नगरसेविका आणि नगरसेवक यांना मंडळात बोलवावे, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, आणि वही पुढे ठेवावी. एखादी माहिती मिळत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज १० रुपयांत करता येतो. लिहिण्यात राग नको, कौतुकाचा कंजूषपणाही नको. दिवा लागला तर 'लागला' असे लिहावे.

पाच वर्षांनी पुन्हा ध्वनिक्षेपक वाजू लागतील, तेव्हा कोणाचे ऐकावे असा प्रश्न आपल्याला पडणार नाही. आपण वही उघडू, शांतपणे वाचू आणि ज्याचे त्याचे मत ज्याने त्याने ठरवू. वहीसाठी पहिली नावनोंदणी आज चहापानानंतर व्हावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.