बाईच्या कष्टाचा पैसा तिच्या पश्चात कोणाचा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी माळशिरस येथे दिलेले भाषण)



कायदा म्हटला की आपल्याला वाटते, तो वकिलांचा विषय. पण कायद्याचे विद्यार्थीही स्वतः संपादन करून नियतकालिके चालवतात. बंगळूरचे 'नॅशनल लॉ स्कूल ऑफ इंडिया रिव्ह्यू' हे त्यांपैकीच एक. चालू कायद्यात अन्याय कोठे राहून गेला आहे, याची चर्चा अशा अंकांतून होते. तसाच एक प्रश्न मी आज आपल्यापुढे मांडते.

1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या 14 व्या कलमाने स्त्री आपल्या मालमत्तेची पूर्ण मालकीण झाली, ही मोठीच गोष्ट झाली. पण 15 वे कलम पाहा. बाई मृत्युपत्र न करता वारली, तर तिची मुले व नवरा हे पहिले वारस. हे रास्तच आहे. मात्र ती दोन्ही नसतील तर पैसा जातो नवऱ्याच्या वारसांकडे. तिच्या आईबापांची पाळी त्यानंतर! पुरुषाची आई मात्र बायकोमुलांच्या बरोबरीने वारस असते. आईबापांकडून वारशाने आलेली मालमत्ता, मूलबाळ नसल्यास, माहेरी परत जाते. पण स्वकष्टाच्या कमाईला ती सवलत नाही.

याचा परिणाम काय होतो? 1955 साली लग्न झालेल्या एका मुलीचा नवरा तीन महिन्यांत सर्पदंशाने वारला. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. आईबापांनी तिला शिकवले, ती नोकरीला लागली. 1996 साली ती वारली. मागे बँकेतली शिल्लक आणि भविष्यनिर्वाह निधी राहिला. आईने हक्क सांगितला, तसाच नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांनीही सांगितला. 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने 'ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण' या खटल्यात कायद्याच्या अक्षरावर बोट ठेवून पैसा सासरच्यांना दिला. ज्यांनी तिला दार लावले, त्यांनाच तिची पेटी मिळाली!

हे कलम बदलावे, अशी शिफारस विधी आयोगाने 2008 सालीच केली होती. 2012 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती रोशन दळवी यांनी त्यातला स्त्रीपुरुषभेद घटनेला धरून नाही, असे मत दिले. तरीही प्रश्न सुटलेला नाही.

मग आपण काय करावे? भगिनींनो, मृत्युपत्र करावे. आपल्यांत शिक्षिका आहेत, परिचारिका आहेत, दूध घालणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या आहेत. 'माझ्यापाशी आहे काय?' असे म्हणू नका. साधा कागद चालतो. त्यावर आपली सही वा अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. ज्याला द्यायचे तो साक्षीदार नसलेला बरा. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकांकडे केल्यास पुढचे वाद कमी होतात. मन बदलले तर मृत्युपत्रही बदलता येते. बँकेत नॉमिनी लावला म्हणजे काम झाले, असे समजू नका. नॉमिनीने पैसे घ्यायचे ते वारसांसाठी.

वकील परवडत नाही, ही अडचणही खरी नाही. 1987 च्या विधी सेवा कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिला आहे. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. मुस्लिम व ख्रिस्ती भगिनींचे वारसा कायदे निराळे आहेत. त्यांनीही तेथेच विचारावे.

मृत्युपत्र करणे अशुभ नाही. आपण मुलीसाठी दागिना जपून ठेवतो, तसाच हा कागद. सासरी द्या, माहेरी द्या, मंडळाला द्या. पण कोणाला द्यायचे ते तुम्ही ठरवा.