आजीचं कार्ड आलं, मग पॉलिसी बंद करायची का?

आजचा विषय घरातल्या सत्तरीपुढच्या माणसांचा. २९ ऑक्टोबर २०२४ ला आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू झालं. वय ७० पूर्ण, की बास. उत्पन्न विचारत नाहीत. वर्षाला ५ लाखांपर्यंत हॉस्पिटलमधले उपचार. पण हे ५ लाख घरातल्या सगळ्या ७०+ लोकांत मिळून असतात. आजीला ५ आणि आजोबांना वेगळे ५, असं नाही.

मग लगेच विचार येतो, दरवर्षी एवढा प्रीमियम कशाला भरायचा?

थांबा. कार्डची मोठी ताकद म्हणजे बीपी, शुगर, जुनं हृदयाचं दुखणं, सगळं पहिल्या दिवसापासून कव्हर. खासगी पॉलिसी नव्याने घेतली, तर जुन्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत वाट पाहावी लागू शकते. म्हणजे पॉलिसीच नसेल, तर आधी कार्ड काढा. इथे फार डोकं लावू नका.

पण १०-१५ वर्षं चालू असलेली पॉलिसी असेल, तर माझं मत स्पष्ट आहे, ती सोडू नका. वाट पाहण्याचा काळ तुम्ही कधीच संपवलाय. सलग ५ वर्षं झाल्यावर कंपनीला फसवणूक सिद्ध केल्याशिवाय ‘आजार लपवला’ म्हणून क्लेम नाकारता येत नाही. बंद केली की ही सगळी कमाई गेली. खासगी पॉलिसी असली तरी कार्ड मिळतं, त्यामुळे दोन्ही ठेवता येतात. सीजीएचएस किंवा ईसीएचएसवाल्यांना मात्र एकच निवडावं लागतं.

पॉलिसीत को-पे बघा. २० टक्के असेल, तर ३ लाखांच्या बिलात ६० हजार तुमच्या खिशातून. कार्डच्या बाबतीत हॉस्पिटल यादीत आहे का ते बघा, आणि हवा तो विभागही योजनेत आहे का ते विचारा. हॉस्पिटल यादीत असतं, पण नेमका हाडांचा विभाग नसतो, असं होऊ शकतं. आणि नुसती ओपीडी, रोजच्या गोळ्या यात येत नाहीत.

वय आधारवरून धरतात. आपल्याकडे निम्म्या आजी-आजोबांचा जन्म शाळेच्या कृपेने १ जूनचा! तारीख चुकली असेल तर आधी दुरुस्ती. आणि ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो. तो नंबर नक्की कोणाच्या फोनमध्ये आहे, हे आज रात्री जेवताना विचारून घ्या.